उन्हाळ्यात जिनाखाली काय घालावं?

वाचकांचे प्रश्न : घोडा आणि त्याची निगा

प्रश्न : आमच्याकडे नऊ वर्षांची काठेवाडी घोडी आहे. सारंगखेड्याच्या बाजारातून घेतली, आता वाघोलीच्या पुढे एका शेतावर ठेवली आहे. मुलगी रोज दुपारी साडेचारला तासभर फिरवते, अधूनमधून छोट्या उड्याही घेते. मार्च लागल्यापासून जीन काढलं की घोडीची पाठ घामाने निथळत असते. दुकानदार जेलचं 'कूलिंग' सॅडल पॅड घ्या म्हणतो. मुलीच्या मैत्रिणींकडे जाळीचं पॅड आहे. आमचे सईसमामा, म्हणजे घोडीची निगा राखणारे, म्हणतात, लोकरीच्या नमद्याला (लोकर दाबून केलेल्या जाड गादीला) तोड नाही. उन्हाळ्यात लोकर, हे काही मनाला पटत नाही. काय घ्यावं?
— एक वाचक, वाघोली

उत्तर : नमदाच घ्या. सईसमामा बरोबर सांगतात. पण का, ते कळल्याशिवाय तुमचं समाधान व्हायचं नाही, आणि पुढच्या खेपेला दुकानदार आणखी काही नवीन पुढे करेल तेव्हा परत हाच प्रश्न पडेल. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

कोणतंही पॅड घोड्याला गार करत नाही, हे आधी मनाशी पक्कं करा. घोडा धावतो तेव्हा त्याचे स्नायू जी ऊर्जा जाळतात तिच्यातला जेमतेम पाचवा ते चौथा हिस्सा हालचालीला लागतो. उरलेल्या सगळ्याची उष्णता होते. ती बाहेर टाकायचा मुख्य रस्ता म्हणजे घाम, आणि घामसुद्धा नुसता येऊन भागत नाही, तो अंगावर वाळावा लागतो. एक लिटर घाम अंगावर पुरता वाळला तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. तोच घाम थेंब होऊन खाली मातीत पडला तर जवळजवळ वाया गेला. मेहनतीचं काम आणि कडक ऊन असेल तर घोडा तासाला १० लिटरच्या वरही घाम गाळतो. मान, छाती, खांदे, पोटाच्या बाजू, पुठ्ठे या उघड्या अंगावरून ही सगळी उष्णता जाते. जिनाखाली झाकलेली जागा त्या मानाने लहान. तिथे वारा लागत नाही, वर माणसाचं वजन असतं. तिथला घाम वाळणार कसा? तुमच्या घोडीची पाठ निथळते ते म्हणूनच. त्यात काळजीचं काही नाही.

मग पॅडने करायचं काय? कातडीवरचा घाम शोषून बाजूला न्यायचा. भिजल्यावरही चपटं व्हायचं नाही, सरकायचं नाही, कातडी घासायची नाही. आणि त्या जागेची उष्णता विनाकारण वाढवायची नाही. एवढं केलं की पॅडचं काम संपलं. घोडा गार ठेवायचं काम उघडं अंग, वारा, पाणी आणि तुम्ही निवडलेली वेळ यांचं.

आता जेल घ्या. दुकानात त्यावर हात ठेवला की गार लागतं, कारण जेल आपल्या हाताची उष्णता पटकन ओढून घेतं. घोड्याच्या पाठीवर ते थोड्याच वेळात अंगाइतकं गरम होतं. पुढचा सगळा वेळ कातडी आणि जीन यांच्यामध्ये न हवा जाणारा, न घाम पिणारा एक जड थर बसून राहतो. काही महागड्या पॅडमध्ये मेणासारखा पदार्थ भरलेला असतो. तो वितळताना उष्णता शोषतो. हे तत्त्व खरं आहे. पण पदार्थ मोजका असतो, एकदा वितळला की त्याचं शोषणं संपलं, आणि पुन्हा थिजवल्याशिवाय तो कामाला येत नाही. तासभराच्या फेरीत तो पहिल्या टप्प्यातच दमतो. निओप्रीनबद्दल माझं मत ठाम आहे : ते बंद फुग्यांचं रबर आहे, हवा जाऊ देत नाही, आणि एप्रिल-मेच्या पुण्यात मी ते कुठल्याही घोड्याच्या पाठीवर घालू देत नाही. जिनाला घट्ट चिकटतं हा गुण आहे खरा, पण त्याखाली कातडी शिजल्यासारखी होते आणि काही घोड्यांना पुरळही येतं.

जाळीच्या पॅडचा विचार जरा थांबून करावा लागतो, कारण त्यात चांगली जाळी आणि फसवी जाळी असे दोन्ही प्रकार येतात. दोन पातळ कापडांच्या मध्ये पॉलिएस्टरचे ताठ धागे उभे, अशी तिची रचना. धागे ताठ उभे राहिले तरच मधून हवा जाते. दुकानात तिथल्या तिथे पारखा. पॅड टेबलावर ठेवा, दोन्ही तळवे टेकून सगळं वजन द्या आणि दुसऱ्या कुणाला तरी कडेकडून फुंकर मारायला सांगा. तळव्याखाली हवा लागली तर ठीक. नाही लागली तर मुलीच्या वजनाखालीही लागणार नाही. बरं, लागली तरी कडेला शिवलेली जाड पट्टी बघा. कित्येक पॅडांत चारही बाजूंनी फोमची गोठ असते. मग आतली हवा जाणार कुठून? शिवाय पॉलिएस्टरचा तंतू स्वतः जवळजवळ काहीच पाणी पीत नाही. तो घाम पसरवतो आणि लवकर सुकतो, हा गुण पावसाळ्यात कामाचा आहे, त्याबद्दल खाली लिहिलं आहे.

सुती पॅड सर्वांत स्वस्त आणि धुवायला सर्वांत सोपं. सूत घाम भरपूर पितं, पण पिऊन जड होतं, दाबलं जातं आणि सुकायला वेळ घेतं. रोज धुणार असाल तर सुती पॅडला मी नावं ठेवणार नाही. फक्त आत काय भरलंय ते पाहा. वरून सूत आणि आत फोम असा माल बाजारात खूप आहे. शिवणीजवळ चिमटीत धरून दाबा. सोडल्यावर स्पंजासारखं टुणकन वर आलं तर फोम.

आता लोकर. लोकरीचा तंतू स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ ३० टक्के ओल आतल्या आत सामावून घेतो आणि तरी हाताला ओला लागत नाही. तो मुळातच नागमोडी असतो, त्यामुळे दाबला तरी पुन्हा उठतो. भिजल्यावर सूत बसून जातं, लोकर बसत नाही. तंतूंमध्ये हवा राहते आणि घाम कातडीपासून वर चढत जातो. लोकर ऊब देते ती थंडीत, बाहेर गारवा आणि आत अंगाची उष्णता असते तेव्हा. जिनाखाली बाहेरचा गारवा पोचतच नाही. तिथे ऊब किती, यापेक्षा ओल कुठे जाते, हा प्रश्न मोठा. लष्करी जिनाखाली लोकरीचं ब्लँकेट घडी घालून वापरायची पद्धत जुनी, ती यासाठीच.

नमदा घेताना मात्र खात्री करा. 'प्युअर वूल' म्हणून विकलेल्या नमद्यात पॉलिएस्टर मिसळलेलं असतं, आणि नुसतं बघून भल्याभल्यांना ते ओळखता येत नाही. कडेचे चारदोन तंतू उपटा, चिमट्यात धरा आणि तबेल्यापासून, गवतापासून लांब जाऊन पेटवा. लोकर नाखुशीने जळते, जळक्या केसांचा वास येतो आणि मागे राहिलेला काळा गोळा बोटाने चुरला की भुकटी होते. पॉलिएस्टर वितळतं आणि त्याचा कडक मणी होतो, तो चुरत नाही. दुकानदाराला याचा राग येत असेल तर दुसरं दुकान बघा.

तुमच्या घोडीचं जीन इंग्लिश पद्धतीचं असेल, असं धरून चालतो. त्याखाली १० मिलिमीटरच्या आसपास जाडीचा नमदा पुष्कळ झाला. तो पाठीच्या कण्याच्या रेषेला घोडीच्या पाठीप्रमाणे वळवून शिवलेला असावा, सपाट चौकोनी तुकडा नको. आकार जिनापेक्षा बोटभर मोठा, त्याहून जास्त नको, कारण जिनाबाहेर लोंबणारं प्रत्येक वीतभर कापड घोडीचं उघडं अंग झाकतं. नावं भरतकामाने लिहिलेली मोठमोठी चौकोनी पॅडं फोटोत शोभतात. रोजच्या उन्हात त्यांचा उपयोग नाही.

आणि एक गोष्ट मुलीला रोज करायला सांगा : जीन ठेवल्यावर, तंग (जिनाचा पोटाखालून जाणारा पट्टा) आवळायच्या आधी, पुढून नमदा दोन बोटांनी वर उचलून जिनाच्या मधल्या पन्हळीत घालायचा. मानेच्या मुळाशी पाठीचा जो उंचवटा असतो, त्याच्यावर कापड ताणलेलं राहता कामा नये. पुढून मागे बोगद्यासारखी वाट मोकळी राहिली की चालताना तिथून थोडी का होईना, हवा खेळते. दोन बोटांचं हे काम कितीतरी महागड्या पॅडांना जमत नाही.

काही वाचक घोंगडीबद्दल विचारतात, तेही इथेच सांगून टाकतो. दख्खनी मेंढीच्या लोकरीची घोंगडी जिनाखाली चालते, पण नवी घोंगडी नको. तिला चिंचोक्याची खळ दिलेली असते, ती ताठ आणि बोचरी लागते. दोनतीनदा धुऊन मऊ झालेली घ्या. घडी अशी घाला की घडीची दुमड पुढे, उंचवट्याच्या बाजूला येईल, मोकळी टोकं मागे. आणि एकही सुरकुती राहू देऊ नका. जिनाखालची सुरकुती तासाभरात कातडीवर वळ उठवते.

शेवटी वेळ. एप्रिलमध्ये साडेचार म्हणजे आपल्याकडे दिवसाच्या तापाची ऐन वेळ. जमीन तापलेली, आणि पश्चिमेचा वारा अजून नीट सुटायचा असतो. मुलीच्या शाळेला सुट्टी लागली असेल तर पहाटे सहाला घोडी काढा. तेव्हा पारा २०-२२ अंशांच्या आसपास असतो. शाळा असेल तर संध्याकाळी साडेसहानंतर. रेसकोर्सवरचे घोडे उजाडताच धावून परत येतात, ते उगाच नाही. या एका बदलाने घोडीला जेवढं सुख मिळेल तेवढं कुठलंच पॅड देणार नाही.

प्रश्न : जीन काढल्यावर पॅड सगळं भिजलेलं असतं, पण पुढच्या बाजूला, दोन्हीकडे तळहाताएवढ्या दोन जागा कोरड्या राहतात. आमच्या ओळखीचे एकजण म्हणाले, चांगलंच आहे, तिथे हवा लागते. खरं आहे का?
— एक वाचक, पाषाण

उत्तर : नाही. कृपया आजपासून ते जीन त्या घोड्यावर घालू नका, निदान तपासून घेईपर्यंत.

सगळीकडे घाम आणि मधेच कोरडी जागा, याचे अर्थ दोन. एक तर तिथे जीन टेकतच नाही, किंवा इतकं जोरात टेकतं की कातडीतलं रक्त आणि घाम दोन्ही दबून जातात. तुम्ही सांगता ती जागा, उंचवट्याच्या खाली दोन्ही बाजूंना सारखीच, म्हणजे बहुतेक वेळा दुसरा प्रकार. जिनाचा सांगाडा पुढून अरुंद पडतोय. हात लावून बघा. जीन काढल्यावर बोटांच्या टोकांनी त्या जागेवर हळूहळू दाब वाढवत जा. घोडा पाठ खाली चोरतो का, कान मागे टाकतो का, कातडी थरथरते का? अर्ध्या तासाने परत बघा, कारण दाबलेली जागा कधीकधी जीन काढल्यावर सुजून वर येते. पुढे तिथे पांढरे केस उगवतात. ते उगवले म्हणजे जखम खोलवर आधीच होऊन गेली आहे असं समजा.

अशा वेळी लोक जाड पॅड आणतात किंवा दोन पॅडं घालतात. तंग बुटात जाड मोजा घातल्यासारखं ते होतं, दाब आणखी वाढतो आणि वर उष्णताही. जिनाच्या गाद्या उसवून आतली भरती काढता-घालता येते, सांगाडा रुंद करता येतो का हे कारागीर बघून सांगतो. नाहीच जमलं तर जीन बदला. भीमथडी जातीची किंवा त्या अंगाची घोडी आपल्या भागात पुष्कळ आहेत, त्यांची पाठ आखूड. उंच आणि सडपातळ घोड्यासाठी केलेलं परदेशी बनावटीचं जीन त्यांच्यावर जसंच्या तसं बसेल असं धरूनच चालू नका.

प्रश्न : तापलेल्या घोड्यावर गार पाणी ओतलं तर तो आखडतो, असं आमचे सईसकाका सांगतात. अर्धा तास फिरवून, अंग सुकल्यावरच पाणी लावायचं आणि प्यायलाही तेव्हाच द्यायचं. इंटरनेटवर उलट वाचलं. घरात यावरून वाद चालू आहे.
— एक वाचिका, सिंहगड रस्ता

उत्तर : काकांचा हेतू चांगला आहे, त्यांना तोडून बोलू नका. त्यांच्या गुरूने त्यांना हेच शिकवलं असणार. पण हा समज चुकीचा ठरलेला आहे, आणि उन्हाळ्यात त्यापायी घोडा जाऊ शकतो.

१९९६च्या अटलांटा ऑलिंपिकच्या आधी हाच प्रश्न ऐरणीवर आला होता. तिथला उन्हाळा उष्ण आणि दमट, आणि घोडे मैलोगणती पळणार. संशोधकांनी तापलेल्या घोड्यांवर थंडगार पाणी ओतून तपासलं. घोडे आखडले नाहीत, त्यांचं तापमान झपाट्याने उतरलं. स्पर्धेतही बर्फाचं पाणी आणि तुषार उडवणारे पंखे वापरले गेले. २०२१मध्ये झालेल्या टोकियो ऑलिंपिकमध्येही घोडे असेच गार केले गेले.

घरी करायचं ते असं. घोडा सावलीत आणा, जीन आणि पॅड लगेच काढा. मान, छाती, पोट, मांड्यांची आतली बाजू, पुठ्ठे, सगळीकडे पाणी ओता आणि ओतत राहा. मधेमधे थांबून पट्टीने पाणी निपटायची गरज नाही, तेवढ्या वेळात आणखी एक बादली ओतून होते. वारा असेल तर घोडा वाऱ्याला उभा करा. चारदोन पावलं चालवा, परत ओता. एक अडचण आपल्याकडे हमखास येते : काळ्या टाकीतलं पाणी एप्रिलच्या दुपारी स्वतःच चटका देतं. सकाळीच एक पिंप भरून झाडाच्या सावलीत, ओल्या गोणपाटाखाली ठेवा. प्यायचं पाणीही अडवू नका, लगेच समोर ठेवा. घामातून मीठ भरपूर जातं, तेव्हा चंदीत (दाण्याच्या खुराकात) मीठ घालणं आणि चाटायला खडा ठेवणं दोन्ही करा.

काकांच्या हातात एक थर्मामीटर द्या. गुदद्वारातून मोजलेलं ३७.५ ते ३८.५ अंश सेल्सियस हे निरोगी घोड्याचं तापमान. विसावलेला घोडा मिनिटाला ८ ते १६ श्वास घेतो आणि नाडी २८ ते ४४ च्या दरम्यान असते. कामानंतर हे सगळं वाढणारच. ते खाली येतंय ना, हे बघायचं. तापमान ४० च्या वर आहे आणि पाणी ओतूनही उतरत नाही, घोडा अडखळतोय, किंवा एवढ्या उन्हात काम करून अंग कोरडं ठणठणीत आहे, यातलं काहीही दिसलं तर पशुवैद्यांना फोन करा आणि ते येईपर्यंत पाणी ओतणं थांबवू नका. घाम न येणं हे तर सर्वांत वाईट लक्षण. पाठ ओली बघून घाबरणारे मला बरेच भेटतात. कोरडं अंग बघून घाबरणारा मात्र विरळा, आणि घाबरायचं ते त्यालाच.

प्रश्न : पावसाळ्यात नमदा तीनतीन दिवस सुकत नाही. काय करावं?
— एक वाचक, खडकवासला

उत्तर : ओला नमदा दुसऱ्या दिवशी परत घालायचा नाही, एवढं आधी ठरवा. ओल, ऊब आणि मळ एकत्र आले की बुरशी आणि कातडीवर खवल्या धरणारे जंतू फोफावतात. जून ते सप्टेंबर नमद्याखाली एक पातळ सुती कापड घाला, चादरीच्या जाडीचं. ते रोज धुता येतं, पंख्याखाली रात्रीत सुकतं आणि नमदा बराचसा कोरडा राहतो. सुतीचे तीनचार तुकडे करून ठेवा. पाऊस लागून राहिला असेल तर त्या आठवड्यात चांगल्या जाळीचं पॅड वापरायला माझी हरकत नाही. ते लवकर सुकतं, आणि सुकलेलं साधं पॅड ओल्या उत्तम नमद्यापेक्षा बरं.

नमदा धुताना आधी केस आणि वाळका घाम खराऱ्याने झाडा. मग कोमट पाणी आणि रिठा. कपड्यांची पावडर नको, तिचा अंश राहिला तर पाठीला खाज सुटते, आणि काही पावडरींमधली विकरं (एन्झाइम) लोकर खातात. पिळायचा नाही, दाबून पाणी काढायचं आणि सावलीत आडवा सुकवायचा. एका घोड्याचा नमदा दुसऱ्याला कधीच नाही. नायटा तबेलाभर पसरतो तो अशाच देवाणघेवाणीतून.

पावसाळ्यात घोडा तापत नाही, या भ्रमातही राहू नका. घोडेवाले अंदाजासाठी एक हिशेब करतात : फॅरनहाइटमधलं तापमान आणि हवेतल्या आर्द्रतेचा टक्का यांची बेरीज. १३० च्या आत असेल तर घोडा स्वतःला सहज गार करतो, १५० च्या वर गेली तर सांभाळून काम घ्यायचं, १८० च्या पुढे घोडा बाहेरच काढायचा नाही. समजा एप्रिलची दुपार : १०० फॅरनहाइट, आर्द्रता २०, बेरीज १२०. समजा जुलैची सकाळ : ७७ फॅरनहाइट, आर्द्रता ९०, बेरीज १६७. या हिशेबात ऊन धरलेलं नाही, त्यामुळे एप्रिल सोपा आहे असं मी म्हणत नाही. पण जुलैत घाम वाळत नाही, घोडा नुसताच भिजतो, आणि आपण हवा गार म्हणून त्याच्याकडून जास्त काम घेतो. ऑक्टोबरमध्ये तर ऊन आणि दमटपणा दोन्ही एकदम येतात. त्या महिन्यात फेरी छोटी ठेवा.

प्रश्न : पॅड पांढरं घ्यावं की गडद?
— एक वाचक, कोथरूड

उत्तर : जिनाखालच्या भागावर ऊन पडतच नाही, बाहेर दिसणाऱ्या काठापुरताच काय तो फरक. तरी मी पांढरं घेतो. त्यावर घामाचा, मळाचा आणि रक्ताचा डाग ताबडतोब दिसतो.